परत मागणार नाही

मंगळवार, ४ जून

नाही झालं. सात मार्कांनी गेलं.

निकाल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बघितला. लेक, मी, आणि आमच्या मागे रांगेत आणखी चार आया. चित्रकलेच्या पेपरात पंच्याण्णव! दुकानदारसुद्धा म्हणाला, "वा, हे कुणाचे?" खालच्या ओळीत गणित होतं. ती ओळ तिनं अंगठ्यानं झाकली. कागद छापून घेतला, घडीवर घडी घालून सुपारीएवढा केला आणि मुठीत धरून घरापर्यंत आली.

संध्याकाळी हे चष्म्याच्या दुकानातून आले. बाहीवर काचेची पूड तशीच. "सातच ना?" म्हणाले.

ती म्हणाली, "बाबा, त्या सातांत सहाशे मुलं उभी आहेत."



आर्किटेक्चरच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून घरं काढते. हे तिला गवंडी म्हणतात. "काय गवंडी, आज किती मजले चढवले?" — रोजचं. आज म्हणाले नाहीत.

बुधवार, ५ जून

जेवली नाही. चिवडलं आणि उठली. मीही मागे लागले नाही.

गुरुवार, ६ जून

"मी परत बसणार." सकाळी दात घासता घासताच म्हणाली! तोंडात फेस, ब्रश हातात. जणू रात्रभर तोंडात धरून ठेवलं होतं.

एरवी प्रश्न सोपा असता. पण तिचा ड्राफ्ट्समनच्या डिप्लोमाला नंबर लागलाय. दोन वर्षं, मग नोकरी. दुसऱ्यानं ठरवलेली घरं मोजूनमापून कागदावर उतरवायची. वीस तारखेपर्यंत मूळ दाखले तिथे जमा करायचे. एकदा दिले की दोन वर्षं हातात येत नाहीत, आणि दाखल्यांशिवाय प्रवेशपरीक्षेचा फॉर्म कुणी घेत नाही. म्हणजे हे नाहीतर ते. दोन दगडांवर पाय ठेवायची सोयच नाही.

यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "काच परत घासता येते. पण दर वेळी पातळ होते, एवढं लक्षात ठेवा." मग माझ्याकडे बघून — "तू सांग. घर तू चालवतेस, शेवटचा शब्द तुझा."

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी म्हटलं, बघू. दूध उतू जातंय, म्हणून आत पळाले. दूध अजून पिशवीतच होतं.

शुक्रवार, ७ जून

कुणाला सांगितलेलं नाही ते इथे लिहिते. हिशोबाची वही पुढून कुणीही उघडतं, मागून कुणी नाही.

परीक्षेच्या दिवशी मी गेटबाहेर बसले होते. तीन तास. बाकीच्या आया गप्पा मारत होत्या, कुणी लोकर घेऊन आली होती. मला काही सुचत नव्हतं. मी देवाला तसं फारसं मागत नाही. सकाळी बसायचं, नाव घ्यायचं, आपल्या माणसांची एकेक करून नावं त्याच्या कानावर घालायची आणि कामाला लागायचं. सारखं मागणारं माणूस मला घरातही आवडत नाही. पण त्या दिवशी घंटा झाली, गेट लागलं. डोळे मिटले आणि म्हटलं — देवा, हिला एवढं दे. एकदाच मागते. दिलंस तर उपकार. नाही दिलंस तर हिच्यासाठी ते नाही असं समजेन, पण याच गोष्टीसाठी परत तुझ्यापुढे हात पसरणार नाही. शब्द देते!

"शब्द देते" मोठ्यानं म्हटलं गेलं. पहारेकऱ्यानं वळून बघितलं.

आता त्यानं नाही म्हटलंय. स्वच्छ नाही. मग मी कुठल्या तोंडानं तिला परत त्या गेटात पाठवू? देवाचा निकाल पटला नाही म्हणून फेरतपासणीला अर्ज करायचा?

भाजीवालीशी मी आठ आण्यांसाठी भांडते. पण एकदा ठरलं की ठरलं. पिशवीत घातल्यावर मागे फिरून कधी बोलले नाही. आणि देवापाशी फिरू?

शनिवार, ८ जून

वन्सं आल्या होत्या. चहाचा कप खाली ठेवायच्या आत सुरू.

"वर्ष घालवायचं? हातचं सोडून पळत्याच्या पाठी! माझ्या दिराचा मुलगा तीनदा बसला. आता काय करतो माहितेय?"

"काय करतो?"

"चौथ्यांदा बसतो!"

लेक म्हणाली, "आत्या, मी दुसऱ्यांदाच बसतेय."

"अगं, सुरुवात सगळ्यांची दुसऱ्यांदाच होते."

हे हसले. लेक उठून गेली. मला बरं वाटलं. वन्संचं बोलणं ऐकून बरं वाटायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि त्याचीच लाज वाटली.

सोमवार, १० जून

सकाळपासून माझी शिवणाची टेप गायब. बघते तर लेक स्वयंपाकघरात गुडघ्यांवर, फरशी मोजतेय.

"आई, ओट्यापासून नळापर्यंत सकाळपासून किती वेळा गेलीस माहितेय? एकशे बारा."

"मोजत बसण्यापेक्षा त्यातल्या बारा तरी तू मारायच्या होत्यास."

हसली! निकालानंतर पहिल्यांदा. मग कागद आणून दाखवला. आमचंच स्वयंपाकघर, पण ओटा वळवलेला, नळ हाताशी, आणि डब्यांचं कपाट आहे तिथे खिडकी.

"घरमालक भिंत फोडू देईल?"

"तू आधी खिडकी तरी बघ ना!"

बघितली. खिडकीतून ऊन आलं होतं, ओट्यावर तिरकं. कसं काढलं म्हणून कागद जवळ नेला. काढलंच नव्हतं. बाकी सगळं बारीक रेघांनी भरलेलं, आणि उनाची जागा तेवढी कोरी सोडलेली. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही. मला कोरं पान दिसलं की काहीतरी लिहून घ्यावंसं वाटतं.

कागद परत देताना हात जड झाला.

मंगळवार, ११ जून

मास्तरांकडे जाऊन आले. तिला गणित तेच शिकवतात. सायकलच्या दुकानावरची खोली, दारालाच काळा रंग देऊन फळा केलेला. दार उघडं असलं की शिकवणी बंद.

मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले. म्हणाले, "गणित कच्चं नाही हो तिचं. घाई आहे. शेवटची चार गणितं कच्च्या कागदावर सोडवली आणि उत्तरपत्रिकेत उतरवायची राहिली. दुसऱ्या दिवशी मला तोंडी सांगितली. चारही बरोबर! एक वर्ष द्या मला. परत बसणाऱ्यांच्या वर्गात मी आठच मुलं घेतो. सात झालीत. आठवी जागा वीस तारखेपर्यंत तिच्यासाठी ठेवतो." मग खडू खाली ठेवून — "मी कुणाला नक्की म्हणत नाही. तुम्हाला म्हणतो."

जिना उतरले ती वाटेत कुठेही न थांबता थेट घरी.

लेक दारातच उभी. "काय म्हणाले?"

मी वाकून चपलेचा बंद सोडवत होते. म्हटलं, "काही विशेष नाही. डिप्लोमाही वाईट नाही, म्हणाले."

हे मास्तर म्हणाले नव्हते. हे मी म्हटलं. चपलेचा बंद सुटेपर्यंत तयार झालं.

"मास्तर म्हणाले? असं?"

"हो."

"बरं."

बुधवार, १२ जून

डोळे मिटले की काळं दार दिसतं. आज नाव घेणं झालं नाही.

शुक्रवार, १४ जून

"बाबा, उद्या डिप्लोमाचा फॉर्म आणता?" जेवताना म्हणाली. सहज, मीठ मागावं तसं.

हे घास हातात धरून थांबले. "ठरलं?"

"ठरलं."

मी मान खाली घालून वाढत राहिले. हेच हवं होतं ना मला? देवाला दिलेला शब्द राहिला, वर्ष वाचलं, वन्संचं तोंड बंद. मग माझ्या वाटची भाकरी मी परत डब्यात का ठेवली?

चित्राचा मोठा फळा तिनं कपाटामागे सरकवला. सरकवताना भिंतीला घासल्याचा आवाज आला, तो अजून कानात आहे.

आणखी एक. दोघंही माझ्याशी फार गोड वागतायत. लेकीनं न सांगता भांडी घासली, तीही तळापासून! यांनी बादली हातातून काढून घेतली. "बस जरा. किती उभी राहतेस." पंचवीस वर्षांत असं वाक्य ऐकलं नव्हतं. अपराध्याशी गोड वागू नये. मिरची लागल्यासारखं झोंबतं.

शनिवार, १५ जून

हे फॉर्म घेऊन आले. बरोबर फळं. घरात कुणी आजारी नसताना फळं!

रविवार, १६ जून

खालच्या आजींना गोळ्या वाचून दाखवायला गेले होते. सकाळची कुठली, दुपारची कुठली. पुस्तकातलं त्यांना दिसत नाही, पण अर्धी पोथी पाठ आहे. मनात आलं, यांना विचारावं. आडून विचारलं — "आजी, दिलेला शब्द मोडला तर काय होतं?"

"कुणाला दिलास?"

"वरच्याला."

"घरमालकाला? मोड खुशाल. तो कुठे पाळतो!"

मग खरं सांगावं लागलं. नाव कुणाचं घेतलं नाही, पण आजींनी नव्वद पावसाळे बघितलेत, काय ते ओळखलं. काठीवर हनुवटी टेकून ऐकलं. मला वाटलं म्हणतील, केवढी गं तुझी भक्ती. म्हणाल्या, "मागायचं तर हात पसरावेत. अटी कसल्या घालतेस? एकदाच मागते, नाही दिलंस तर परत येणार नाही — ही प्रार्थना झाली का? ही नोटीस झाली! तू देवाला नोटीस दिलीस गं."

"मग मोडू?"

"मी कुठे तसं म्हटलं? दिलास ना शब्द? आता निस्तर."

वर यायला निघाले ती जिन्यात बसूनच राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की कमी मागणं म्हणजे साधेपणा. हा ताठा असेल तर?

सोमवार, १७ जून

फॉर्म भरून झाला. दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्यात वर चित्रकलेचे पंच्याण्णव. लेक पेन घेऊन आली. "आई, पालकाची सही. तूच करतेस ना नेहमी?"

करते. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून सगळीकडे माझीच सही. हे म्हणतात, तुझं अक्षर चांगलं आहे. मॅट्रिकचा तेवढाच उपयोग झाला.

पेन हातात घेतलं. खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं — "वरील निर्णय विद्यार्थ्याने पूर्ण माहिती घेऊन केला आहे." पूर्ण माहिती घेऊन!

म्हटलं, "उद्या करते. हात ओला आहे."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. कोरडा ठणठणीत होता.

मंगळवार, १८ जून

सांगितलं.

दुपारी फॉर्म घेऊन आली. "आई, हात वाळला का?" मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि एका दमात म्हटलं, "मास्तर तसं म्हणाले नव्हते. तुला नक्की मिळेल म्हणाले. आठवी जागा ठेवलीय तुझ्यासाठी. मी खोटं बोलले."

वाटलं होतं ओरडेल. म्हणाली, "माहितेय."

"काय माहितेय?"

"बुधवारीच भेटले ते. खाली सायकलला हवा भरत होते. 'जागा ठेवलीय, आईनं सांगितलं ना?' म्हणाले. मी हो म्हटलं."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू खोटं बोललीस, आई! तू! तुला ते येतही नाही. दूध पिशवीत असताना उतू जातंय म्हणतेस. मला वाटलं, तुला काहीतरी झालंय. मोठं काहीतरी. डॉक्टरांनी सांगितलंय आणि तू लपवतेस. म्हणून मी लवकर कमावती व्हायला हवी आहे तुला. बाबांना विचारलं, तर तेही घाबरले."

म्हणजे ती भांडी! ती बादली, ती फळं! आठवडाभर दोघांनी माझा आजार सांभाळला. आणि त्या आजारापायी ही पोर गुपचूप आपली जागा सोडायला निघाली होती.

मग राहिलेलंही सांगितलं. गेट, पहारेकरी, शब्द. ऐकून आधी म्हणाली, "एवढंच? तू बरी आहेस ना?" माझ्या खांद्यावर डोकं टेकून थोडी रडली. मी पाठ थोपटत होते. आणि एकदम ती बाजूला झाली.

"थांब. पेपर माझा. आणि शब्द तू दिलास? मला विचारलंस?"

"अगं, तू आत होतीस..."

"हो, मी आत होते! आत बसून गणितं सोडवत होते, आणि तू बाहेर माझं पुढचं दार लावून टाकलंस!"

फॉर्म ओट्यावर आपटून निघून गेली. ओट्यावर पाणी सांडलेलं होतं. फॉर्म भिजला. मी उचलला, पुसला, दोरीवर चिमटा लावून वाळत घातला. हात आपलं काम करत राहिले.

बुधवार, १९ जून

उद्या शेवटची तारीख. लेक बोलत नाही.

यांना सगळं सांगितलं. आधी देवाचे आभार मानले की मला काही झालेलं नाही. मग म्हणाले, "मी तर त्याला रोज काहीतरी कबूल करतो. तंबाखू सोडतो असं किती वेळा म्हटलं असेल."

"आणि?"

"तो समजूतदार आहे."

एरवी हसले असते. म्हटलं, "तुमचं तुमच्यापाशी. मी शब्द दिला तो दिला."

"मग पोरीचं काय?"

तिला अडवायची नाही, एवढं आजींकडून आल्यापासून कळलं होतं. पण शब्द मोडून उजळ माथ्यानं त्याच्यापुढे बसायचं कसं, ते कळत नव्हतं.

तिन्हीसांजेला मी डाळ निवडत होते. लेक समोर येऊन बसली. काल दुपारनंतर पहिल्यांदा.

"तू देवाला नक्की काय म्हणालीस? शब्दन् शब्द सांग."

सांगितलं.

"माझ्यासाठी ते नाही, असं तू समजशील. हो ना? मग तू समज. खुशाल समज. मी नाही समजत." डाळीतला एक खडा तिनं उचलून बाजूला ठेवला. "आणि परत हात पसरणार नाहीस. मग नको पसरूस. परीक्षा मी देणार. तू मागायचं नाहीस. वर्षभर."

"परीक्षेचं नाही मागणार."

"तुला ओळखते मी. माझं नाव घेतलंस की मागोमाग परीक्षा येणारच तोंडातून. नावच घ्यायचं नाही. माझ्या परीक्षेच्या दिवशीही नाही. गेटबाहेर बसलीस तर लोकर घेऊन बस."

"आणि तुला ताप आला तर?"

"डॉक्टरकडे ने."

मी ताटातल्या डाळीकडे बघत होते. खडे दिसेनासे झाले होते.

"जमेल?" म्हणाली. या वेळी आवाज मऊ होता.

हो म्हटलं. मान वर न करता.

गुरुवार, २० जून

दाखल्यांची पिशवी घेऊन ती सकाळीच मास्तरांकडे गेली.

मी आंघोळ करून देवापुढे बसले. अठरा वर्षं पहिलं नाव तिचंच येतं. आज तिथे आले, तोंड घट्ट मिटलं, आणि दुसऱ्या नावापासून सुरुवात केली.